तालुक्याची ब्रॉडबँड सज्जता कशी मोजायची: वाडीपासून जिल्हा नियोजनापर्यंत

फायबरची तार ग्रामपंचायत कार्यालयात जिथे येऊन थांबते, तिथे एक छोटी पांढरी डबी असते. बहुतेक वेळा लोखंडी कपाटावर, फायलींच्या गठ्ठ्याशेजारी. तिच्यावर बारीक दिवे असतात. पॉवरचा दिवा हिरवा आणि 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर वीज आहे पण तारेतून प्रकाश इथवर येत नाही, असं समजायचं. अशाच एका कार्यालयात मी बसलो होतो. संगणक परिचालक मुलगी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून लोकांना दाखले काढून देत होती. मोबाइल खिडकीच्या गजाला दोरीने बांधला होता, कारण रेंज तेवढ्याच कोपऱ्यात येत होती. तालुक्याच्या तक्त्यात त्या गावापुढे 'जोडले' अशी नोंद होती.

नोंद करणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. फायबर आलं का, एवढंच त्याला विचारलं होतं आणि फायबर खरंच आलं होतं. आज ते चालतं का, ते कार्यालयापासून शेवटच्या पाड्यापर्यंत जातं का, घरच्या कमाईत ते परवडतं का, घरातल्या बाईच्या हातात येतं का, यातलं काहीच त्या तक्त्याने विचारलं नव्हतं. असे तक्ते समोर ठेवून कोट्यवधींचे निर्णय होतात, म्हणून हा लेख लिहितो आहे. जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत, एखाद्या संस्थेत किंवा महाविद्यालयात बसून आपल्या तालुक्याची मोजणी करू पाहणाऱ्यांसाठी तो आहे.

केंद्राच्या पातळीवर याचा एक आराखडा झालेला आहे. १७ डिसेंबर २०१९ रोजी राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियान सुरू झालं आणि पाठोपाठ दूरसंचार विभागाने दिल्लीच्या इक्रिअर या संशोधन संस्थेबरोबर राज्यांचा ब्रॉडबँड सज्जता निर्देशांक करायचं ठरवलं. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात पायाभूत सुविधांचे ९ निकष, तेही उपलब्ध आकडेवारीतून. दुसऱ्यात मागणीची बाजू, म्हणजे किती घरांत जोडणी आहे, किती जण इंटरनेट वापरतात, किती घरांत निदान एक डिजिटल साक्षर माणूस आहे, हे सर्वेक्षणातून. ही विभागणी चांगली आहे, ती जरूर उचला. फक्त राज्याचा एकच आकडा आपल्या कामाचा नाही. मुंबई आणि नंदुरबार जिल्ह्यातला सातपुड्याच्या डोंगरातला अक्राणी तालुका एका सरासरीत घातले की अक्राणी दिसेनाशी होते. राज्यात ३६ जिल्हे, ३५८ तालुके आणि सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. मोजायला घ्यायचा तो तालुका, आणि त्याच्या पोटातली वाडी.

पहिली पायरी: निर्णय आधी लिहा

फॉर्म छापण्याआधी एका कागदावर लिहा, की या मोजणीवरून कोण, कोणता पैसा, कशावर खर्च करणार आहे. एवढं केलं की निम्मे प्रश्न आपोआप गळतात.

पैशाच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. जिल्हा नियोजन समितीचा निधी शाळा, आरोग्य केंद्र, कार्यालयांच्या जोडण्यांकडे वळू शकतो. ग्रामपंचायत विकास आराखड्यात इन्व्हर्टर, वायफाय, सेवा केंद्राची खोली अशी छोटी कामं बसतात. मोठा पैसा केंद्राचा. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून जमणारा सार्वत्रिक सेवा दायित्व निधी आता २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार 'डिजिटल भारत निधी' झाला आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारा भारतनेट हा केंद्राचा कार्यक्रम; ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेलं त्याचं सुधारित रूप १,३९,५७९ कोटी रुपयांचं आहे. त्यातली एक गोष्ट तालुक्याने नीट वाचली पाहिजे. ग्रामपंचायतीचं मुख्यालय नसलेल्या देशभरातल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना जोडणी द्यायची आहे, पण मागणीनुसार. म्हणजे मागणी दाखवता आली पाहिजे. तुमच्या सर्वेक्षणाचा कागद तिथे उपयोगी पडतो. मोजणी नसलेल्या गावाची मागणी कोणाला दिसणार?

दुसरी पायरी: गावांची खरी यादी

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. महसुली गाव, ग्रामपंचायत आणि वस्ती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गट ग्रामपंचायतीत तीन-चार गावं असतात. सातपुड्यात एका ग्रामपंचायतीचे पाडे डोंगराच्या दोन अंगांना काही किलोमीटरवर पसरलेले असतात. कोकणात वाड्या, मराठवाड्यात तांडे, देशावर शेतातल्या वस्त्या. फायबर मुख्य गावातल्या कार्यालयापर्यंत येतं आणि 'जोडलेल्या' ग्रामपंचायतीतली निम्मी माणसं त्या डबीपासून दोन-दोन कोस लांब राहतात.

केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला सांकेतांक दिलेला आहे, तो प्रत्येक ओळीत घाला. नावावर विसंबू नका. एकाच तालुक्यात 'बुद्रुक' आणि 'खुर्द' यांची गल्लत हमखास होते. वाड्या-पाड्यांना सहसा सांकेतांक नसतो. त्यांची यादी आशाताई आणि अंगणवाडी सेविकांकडून घ्या. लसीकरणासाठी त्या घरोघर जातात, त्यांच्या वहीत एकही वस्ती सुटलेली नसते. वस्तीच्या मधोमध उभं राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा. नकाशा लागेल तेव्हा नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे चौकशी करता येते.

तिसरी पायरी: घरबसल्या मिळेल ते गोळा करा, पण त्याच्या मर्यादांसह

शाळांमधल्या इंटरनेटची नोंद यू-डायस प्लस या केंद्राच्या शाळा-माहितीसाठ्यात असते, गावच्या सुविधांची मिशन अंत्योदय या केंद्राच्या गाव-सर्वेक्षणात. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या सेवा दर्जा नियमांमुळे मोबाइल कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात. ऊक्ला ही वेग मोजणारी कंपनी दर तिमाहीला साधारण ६०० मीटरच्या चौकटींप्रमाणे सरासरी वेग खुला करते. एम-लॅब या इंटरनेटचा वेग तपासणाऱ्या प्रकल्पाचा चाचण्यांचा साठाही खुला आहे.

२०११ च्या जनगणनेतला इंटरनेटचा आकडा मात्र वापरू नका. तेव्हा देशात संगणकावर इंटरनेट असलेली कुटुंबं ३.१ टक्के होती. त्यानंतर मोबाइलने सगळंच बदललं.

खुल्या वेग-चाचण्यांची एक खोड लक्षात ठेवा. ज्याच्याकडे नेट आहे तोच चाचणी करतो. जिथे रेंजच नाही, तिथली चौकट नकाशावर लाल नसते, रिकामी असते. आणि रिकामी चौकट सरासरीत धरलीच जात नाही. त्यामुळे दुर्गम तालुक्याचा सरासरी वेग कागदावर चक्क बरा दिसतो. ही रिकामी जागा भरायला पायी जाण्याला पर्याय नाही.

चौथी पायरी: नेमकं काय मोजायचं

मी पाच गोष्टी धरतो: पोच, चालूपण, वेग, परवड आणि वापर. सहावी आहे परवानग्यांची, ती तालुक्यागणिक एकदाच मोजायची.

'ब्रॉडबँड' कशाला म्हणायचं हे आधी ठरवा, कारण सरकारी व्याख्या सरकत गेली आहे. २००४ मध्ये २५६ केबीपीएस, मग ५१२ केबीपीएस, आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस (एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस). दुसरीकडे २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणात प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएसचं उद्दिष्ट होतं. २ आणि ५० यांत २५ पटींचं अंतर आहे. २ वर रेषा मारली की बहुतेक गावं पास होतात, ५० वर मारली की बहुतेक नापास, आणि दोन्ही वेळा हाती काही लागत नाही. म्हणून खरा आकडा लिहून ठेवा आणि नंतर २, १० आणि ५० अशा तीन पायऱ्यांत मांडा. घरात एक मूल व्हिडिओवर शिकत असताना दुसऱ्याला फॉर्म भरता यावा, तर १० च्या आसपासची पायरी कामाची, असं माझं मत आहे.

चालूपण हा सगळ्यात दुर्लक्षित निकष आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. जोडणी ९५ टक्के वेळ चालू असते हे ऐकायला छान वाटतं, पण वर्षातले १८ दिवस ती बंद असते हा त्याचाच अर्थ. ते १८ दिवस जर पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात किंवा प्रवेशाच्या फॉर्मच्या वेळी आले, तर गावाचं वर्ष जातं. सुरुवातीच्या भारतनेटमध्ये तालुक्याहून निघालेली तार बहुतांशी एका रांगेत गावागावांतून जायची. मध्ये कुठे जेसीबीने खणलं की पुढची सगळी गावं अंधारात. सुधारित कार्यक्रमात ती गोलाकार जोडायची आहे, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालावी. तुमच्या तालुक्यात तार रांगेत आहे की गोलाकार, हे प्रत्येक गावापुढे लिहाच.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष गावात

दोन माणसं, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, एक वही, एक पॉवर बँक. एवढं पुरतं. फायबर तपासायला ऑप्टिकल पॉवर मीटर मिळाला तर उत्तम. डबीपाशी प्रकाश उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) खाली गेला असेल तर जोडणी टिकत नाही, आणि तंत्रज्ञाशी बोलताना 'नेट चालत नाही' यापेक्षा हा आकडा जास्त काम करतो.

आधी ग्रामपंचायत. डबी कुठे आहे, दिवे कोणते लागलेत, तिला बॅटरी आहे का, वीज गेल्यावर ती किती वेळ चालते? दुपारी भारनियमन असेल आणि कार्यालयही दुपारचंच उघडत असेल, तर ही डबी गावाच्या कामाची नाही. मग परिचालकाला विचारा, शेवटचं कधी बंद पडलं आणि किती दिवसांनी सुरू झालं. जमलं तर त्याला एक साधी वही द्या: तारीख, बंद झाल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ, कारण. तीन महिन्यांची अशी वही कुठल्याही डॅशबोर्डपेक्षा खरी असते. कारणाचा रकाना विसरू नका. वीज, तुटलेली तार, खराब डबी आणि न भरलेलं बिल यांवरचे उपाय आणि त्यांचे पैसे पूर्ण वेगळे आहेत.

वेगाची चाचणी ट्रायच्या मायस्पीड ॲपवर किंवा एम-लॅबवर करा, पण सगळीकडे एकच साधन ठेवा. प्रत्येक वस्तीत तीन वेळा: सकाळी अकराच्या सुमारास, दुपारी, आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान. रात्रीची चाचणी टाळायचा मोह होतो, कारण परतीची एसटी गेलेली असते. पण घरोघरी मोबाइल तेव्हाच उघडतात आणि टॉवर तेव्हाच दमतो. एकदा घराबाहेर, एकदा घरात. पत्र्याचं छप्पर आणि जाड दगडी भिंत यांच्या आत शिरताच रेंज किती पडते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. डाउनलोडबरोबर अपलोड आणि विलंबही (उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) लिहा; ई-पीक पाहणीत शेताचा फोटो वर चढवायचा असतो, तिथे डाउनलोडचा वेग काय कामाचा? चाचणी सुरूच झाली नाही तर ओळ सोडू नका, शून्य लिहा. शेवटी सरासरी काढू नका, मधला आकडा घ्या. सरासरीत एका घरातला ९० एमबीपीएस बाकी नऊ घरांचा शून्य झाकून टाकतो.

आकड्यांइतकीच कामाची चाचणी घ्या. हातात घड्याळ धरून सातबारा उतरवायला किती वेळ लागतो ते मोजा. रेशन दुकानात उभं राहून दहा जणांचे अंगठे बघा: कितींचा पहिल्या प्रयत्नात लागला, किती परत गेले. अंगठा न लागण्याला घासलेली बोटंही कारण असतात, म्हणून 'नेटमुळे' आणि 'बोटामुळे' असे दोन रकाने ठेवा. नियोजन समितीच्या बैठकीत विलंबाचे मिलिसेकंद कोणाला कळत नाहीत, पण 'दहातले चार जण रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेले' हे सगळ्यांना कळतं.

सहावी पायरी: घरांचा कौल

तालुक्यासाठी साधारण ३८४ घरं घेतली की ९५ टक्के खात्रीने पाच टक्क्यांच्या फरकात उत्तर मिळतं, पण ती घरं सगळ्या तालुक्यातून सुटी-सुटी निवडली तर. प्रत्यक्षात आपण वस्त्या निवडतो आणि एका वस्तीत दहा-पंधरा घरं करतो. शेजारची घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून नमुना दीडपट करा: सुमारे ५८० घरं. चाळीसेक वस्त्या आणि प्रत्येकी पंधरा घरं, असं जमून जातं. वस्त्या चिठ्ठ्या टाकून निवडा, रस्त्यालगतच्या सोयीच्या नकोत. डोंगराळ आणि सपाट भाग आधी वेगळे करून प्रत्येकातून चिठ्ठ्या काढा.

महिना निवडताना विचार करा. बीड जिल्ह्यातल्या किंवा आसपासच्या ऊसतोडणीच्या गावांत डिसेंबरात गेलात, तर घरांना कुलपं असतील आणि म्हातारी माणसं नि काही मुलं भेटतील. तिथे स्मार्टफोनचा आकडा चुकीचा येणारच. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यात एकदा गेलात तर चालूपणाचं खरं रूप दिसतं.

प्रश्न थोडे ठेवा, पण एक नियम मोडू नका: घरातल्या बाईला वेगळं विचारा, शक्य तर बाई कार्यकर्तीने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया सुमारे ३८ टक्के होत्या, पुरुष सुमारे ६१ टक्के. घरात फोन आहे या एका उत्तरामागे एवढं अंतर लपतं. 'तुमच्या घरी स्मार्टफोन आहे का' याऐवजी 'काल तुम्ही स्वतः फोनवर काय केलंत' असं विचारा. आणि 'येतं का' असं विचारू नका, करून दाखवायला सांगा: कुणाला तरी एक फोटो पाठवा, गॅसचा नंबर लावा.

परवडीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाची फूटपट्टी आहे: साध्या जोडणीचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा. ती देशासाठी आहे, पण घराला लावून बघण्यासारखी आहे. महिना १०,००० रुपये मिळवणाऱ्या घराला २ टक्के म्हणजे २०० रुपये. ३९९ रुपयांचा फायबर प्लॅन घेतला तर १८ टक्के जीएसटी धरून ४७१ होतात, म्हणजे जवळजवळ पाच टक्के. शिवाय जोडणीचा खर्च वेगळा. शेतकरी घरात पैसा दर महिन्याला येतही नाही. सोयाबीन विकल्यावर येतो. म्हणून 'महिना किती देऊ शकाल' याबरोबर 'गेल्या वर्षात किती महिने रिचार्ज संपलेला राहिला' हेही विचारा. दुसरा प्रश्न जास्त खरं सांगतो.

नावं आणि फोन नंबर गोळा करू नका. २०२३ चा व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहेच, शिवाय या कामाला त्यांची गरजच नाही. घराला क्रमांक पुरे.

परवानग्यांचा हिशेब

ही सहावी गोष्ट, कार्यालयात बसून मोजायची. तार टाकायला किंवा टॉवर उभारायला आलेल्या गेल्या दोन वर्षांतल्या अर्जांची यादी काढा आणि अर्जापासून परवानगीपर्यंत किती दिवस गेले ते मोजा. मार्गाधिकाराचे, म्हणजे तार-टॉवरसाठी जागा वापरू देण्याचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत आणि गतिशक्ती संचार पोर्टलवर अर्ज करता येतात. तरी वनजमीन, राज्य रस्ता आणि ग्रामपंचायत या तिन्हींतून जाणाऱ्या तारेचा वेग सगळ्यात संथ टेबलाएवढा असतो. ते टेबल कोणतं, हे शोधलंत तर पैसा न खर्चता सज्जता वाढते. पाणी योजनेच्या आणि रस्त्याच्या कामांत किती वेळा तार तुटली हेही विचारा. खणण्याआधी कळवायचं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप मार्च २०२३ पासून आहे, तालुक्यातले किती ठेकेदार ते वापरतात?

आकडे एकत्र करताना

प्रत्येक निकष ० ते १०० वर आणा: तालुक्यातली सगळ्यात वाईट वस्ती शून्य, तुम्ही ठरवलेलं उद्दिष्ट शंभर. उद्दिष्ट आधी ठरलेलं असावं. 'सगळ्यात चांगली वस्ती म्हणजे शंभर' असं केलंत तर सगळा तालुका गचाळ असूनही कुणीतरी पहिला येतो.

मग बेरीज करून भागायचा मोह होतो. तो आवरा. सोपं व्हावं म्हणून वेग बाजूला ठेवून चारच निकष घेऊ. समजा एका गावात पोच ९५, चालूपण १५, परवड ६५, वापर ६५ आहे. सरासरी येते ६०. दुसऱ्या गावात चारही ६०, सरासरी तीच. पण पहिल्या गावात नेट जवळजवळ बंदच असतं! गुणाकार करून चौथं मूळ काढलं, म्हणजे भूमितीय मध्य घेतला, तर पहिलं गाव ४९.५ वर येतं आणि दुसरं ६० वरच राहतं. मानव विकास निर्देशांकातही २०१० पासून हाच मध्य वापरतात. एक काळजी घ्या: कुठलाही निकष शून्य आला की सगळा गुणाकार शून्य होतो, म्हणून खालची मर्यादा १ धरा.

निकषांना वजनं किती द्यायची यावर वाद होतील. वजनं थोडी बदलून तीन-चार वेळा क्रमवारी लावा. प्रत्येक वेळी तळाशी येणारी गावं वादातीत आहेत, तिथून काम सुरू करा. वरखाली होणाऱ्या मधल्या गावांच्या क्रमांकावर भांडण्यात वेळ घालवू नका.

आकड्यावरून खर्चाकडे

एकत्रित आकडा बैठकीत लक्ष वेधायला ठीक. निर्णय मात्र सुट्या निकषांवरून घ्या. फायबर आहे पण बंद असतं, तिथे नव्या तारेचा एक रुपयाही घालू नका. बॅटरी, दुरुस्तीचा करार, आणि तार गोलाकार करणं, हाच खर्च. फायबर चालू आहे पण घरं जोडलेली नाहीत, तिथे गावातल्या केबलवाल्याला किंवा एखाद्या बचत गटाला घराघरांत जोडणी देण्याच्या कामात घ्या, आणि पहिल्या वर्षाचा जोडणी खर्च उचला. तार नाही पण मोबाइलवर मागणी भरपूर आहे, रात्री टॉवर दमतो, तिथे त्या टॉवरपर्यंत फायबर नेणं सगळ्यात फायद्याचं. आणि जिथे यातलं काहीच नाही, सातपुड्याच्या आतल्या पाड्यांसारखं, तिथे ग्राहकांची संख्या बघून कोणी येणार नाही. तिथे सार्वजनिक पैशाने टॉवर, रेडिओ जोडणी किंवा उपग्रह हाच मार्ग, आणि केंद्राने २०२२ मध्ये न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी ४जीची २६,३१६ कोटींची योजना याच कारणाने मंजूर केली. पोच, वेग, परवड सगळं बरं असूनही वापर कमी असेल, तर तो पैसा तारेचा नाही, माणसांचा: गावातल्याच एखाद्या मुलीला मानधन देऊन बायकांना शिकवायचा.

अहवाल पूर्ण झाला की तो आधी ग्रामसभेत वाचा, मग जिल्ह्याला पाठवा. ग्रामसभेत चुका सापडतात. 'आमच्या खालच्या वाडीत तुम्ही आलाच नाहीत' असं कुणीतरी म्हणतंच आणि ते खरं असतं. त्या वाडीत दुसऱ्या दिवशी जाऊन या, ओळ भरा. मग गावाची पाच निकषांची ओळ, मोजल्याची तारीख आणि पुढच्या मोजणीची तारीख एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कार्यालयाच्या दारावर लावा. आत, कपाटावरच्या डबीखाली, परिचालकाची बंद-चालूची वही ठेवा आणि तिला पेन दोऱ्याने बांधा.